त्या आकड्याची हिशेबपट्टी मागा

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातले दोन्ही खासदार आणि दहाही आमदार यांस,

सप्रेम नमस्कार.

मी शाहूपुरीत करसल्लागार आहे. एकतीस वर्षं हेच काम करतोय. त्याआधी कॉलेज करता करता मार्केट यार्डात गुळाच्या एका अडत दुकानात दिवाणजींच्या हाताखाली वह्या लिहायचो. राजकारणात मी कधी पडलो नाही आणि आपल्यापैकी कुणाच्या विरोधात हे पत्र नाही. एका आकड्यापायी लिहायला बसलोय.

मागच्या थंडीत शहरातल्या एका हॉटेलात छोट्या व्यावसायिकांसाठी कार्यक्रम होता. माझ्याकडं रिटर्न भरणारे, चपला करून ऑनलाइन विकणारे एक गृहस्थ मला बरोबर घेऊन गेले. पडद्यावर आकडा आला : २०३० पर्यंत भारताची इंटरनेट अर्थव्यवस्था १ लाख कोटी डॉलरची होणार. टाळ्या पडल्या. नंतर बोलायला उठलेल्या पाहुण्यांनी तोच आकडा पुन्हा सांगितला, पुन्हा टाळ्या पडल्या. शेजारचे गृहस्थ माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, ‘सायेब, ह्यात आपलं किती ओ?’

मला उत्तर देता आलं नाही. लोकांचे हिशेब लावून पोट भरणारा माणूस मी, आणि हॉलमधला एकमेव कामाचा प्रश्न विचारला गेला तेव्हा गप्प बसलो. काही आठवड्यांनी एक निवेदन माझ्यापुढं सहीला आलं. देशाला एवढं योगदान देणाऱ्या क्षेत्रावर सरकारनं नवी बंधनं घालू नयेत, असा त्याचा मथितार्थ. आधाराला तोच आकडा. मी सही केली नाही. का केली नाही, ते आपल्याला सांगायचंय, कारण अशी निवेदनं शेवटी आपल्याच टेबलावर येतात.

आधी त्या आकड्याचं मूळ. जून २०२३ मध्ये गूगल, टेमासेक आणि बेन या तिघांनी मिळून एक अहवाल काढला. २०२२ मध्ये भारताची इंटरनेट अर्थव्यवस्था १५५ ते १७५ अब्ज डॉलरची होती, ती २०३० पर्यंत १ लाख कोटी डॉलरवर जाईल, असं त्यात म्हटलंय. गूगल याच बाजारात जाहिराती विकते. टेमासेक ही सिंगापूर सरकारच्या मालकीची गुंतवणूक कंपनी, तिचा पैसा याच बाजारात आहे. बेन ही सल्लागार कंपनी, असेच उद्योग तिचे ग्राहक. यात चोरून काही नाही, नावं मुखपृष्ठावर छापलेली आहेत. पण हॉटेलातल्या पडद्यापर्यंत येईतो नावं गळून पडली आणि आकडा तेवढा उरला. वर्तमानपत्रात ‘एका अहवालानुसार’ एवढंच येतं. कुणाच्या अहवालानुसार, हे वाचकाला पहिल्या ओळीत कळायला हवं.

आता हिशेबपट्टीकडं येतो.

गुळाच्या सौद्याला रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, ओळीनं मांडलेले असायचे. बोली संपली की दिवाणजी शेतकऱ्याची पट्टी लिहायचे. वर एकूण विक्री. खाली हमाली, तोलाई, अडत, गाडीभाडं. तळाला निव्वळ. शेतकरी वरचा आकडा बघायचाच नाही, त्याचं बोट थेट तळाच्या ओळीवर जायचं. दिवाणजींनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं : दुकानातून दिवसाला पाच लाखांचा गूळ गेला म्हणून दुकानानं पाच लाख मिळवले असं कुणाला सांगायचं नाही. दुकानाची काय ती अडत. बाकीचा पैसा शेतकऱ्याचा, गुऱ्हाळाचा, गुळव्याचा, तोडणीवाल्यांचा.

इंटरनेटच्या ‘योगदाना’चे बरेचसे अहवाल पट्टीची वरची ओळ दाखवतात आणि तळाची ओळ झाकतात. याचा मला सापडलेला सगळ्यात ठळक नमुना ब्रिटनचा आहे. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपनं गूगलच्या सांगण्यावरून एक अहवाल केला. इंटरनेट ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत वर्षाला १०० अब्ज पौंडांची भर घालतं, जीडीपीच्या ७.२ टक्के, असा त्याचा निष्कर्ष. हा आकडा तिथल्या वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत झळकला. पण आत बघितलं तर त्या १०० अब्जांतले सुमारे ६० टक्के म्हणजे लोकांनी ऑनलाइन केलेली खरेदी आणि जोडणी व उपकरणांवर केलेला खर्च. म्हणजे एखाद्या बाईनं दुकानात जाऊन घेतला असता तोच कोट घरी बसून मागवला, तर तो इंटरनेटच्या खात्यावर चढला. कोट विणला कुणी, शिवला कुणी, त्याची लोकर कुठल्या मेंढीची, याचा त्या खात्याशी काही संबंध उरला नाही.

हीच पद्धत कोल्हापूरला लावून बघा. सुभाषनगरातल्या कारागिरानं चामडं कापलं, कान लावले, वेणी घातली, अंगठा शिवला. जोड पुण्यातल्या माणसानं मोबाईलवरून मागवला. या पद्धतीत चपलेची सगळी किंमत इंटरनेट अर्थव्यवस्थेत जमा होते. तोच जोड पुण्याहून आलेल्या भाविकानं अंबाबाईचं दर्शन घेऊन चप्पल लाईनीत विकत घेतला तर तो चर्मोद्योगाचा. चप्पल तीच, चामडं तेच, हात तेच.

त्या गृहस्थांची वही माझ्याकडंच असते, म्हणून त्यांना विचारून एका जोडाचा हिशेब इथं मांडतो. साइटवर किंमत १,२०० रुपये, जीएसटी वेगळा. त्यातून कमिशन गेलं, वाहतूक गेली, साइटवर वरच्या ओळीत दिसायचं म्हणून जाहिरातीचे पैसे गेले. परत आलेल्या जोडांचा भुर्दंड सगळ्या जोडांवर वाटून धरावा लागतो, तोही गेला. हाती पडले ७४०. त्यातून चामडं, धागा, रंग, तेल आणि कारागिरांची मजुरी दिली की राहिले १२० च्या आसपास. हाच जोड ते दुकानदाराला घाऊक देतात तेव्हा जवळपास एवढेच सुटतात, कधी दहा-वीस जास्त. ऑनलाइनमुळं त्यांचं गिऱ्हाईक वाढलं हे खरं आहे आणि ते स्वतः तसं सांगतात. बंगळुरूहून, इंदूरहून ऑर्डरी येतात, ज्या एरवी आल्या नसत्या. पण इंटरनेटनं त्यांच्या घरात किती भर घातली हे शोधायचं तर त्या जास्तीच्या जोडांवर सुटलेले पैसे मोजावे लागतील आणि त्यातून दुकानांकडून तुटलेली गिऱ्हाइकी वजा करावी लागेल. १,२०० गुणिले जोड, असा गुणाकार करून ते कळणार नाही.

आपल्या करकायद्याला हा फरक पक्का कळतो, म्हणून तर मला जास्त राग येतो. ऑनलाइन बाजारपेठ विक्रेत्याच्या विक्रीवर जीएसटीत ०.५ टक्के टीसीएस कापते, आयकरात ०.१ टक्का टीडीएस कापते (दोन्ही म्हणजे विक्रेत्याच्या नावावर आधीच कापून ठेवलेला कर), आणि स्वतःच्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी लावते. विक्रेत्याची विक्री वेगळी आणि बाजारपेठेचं उत्पन्न वेगळं, हे रिटर्नच्या प्रत्येक रकान्यात लिहिलेलं आहे. माझ्याकडून त्यात चूक झाली तर नोटीस येते. मग देशाचं धोरण ज्या अहवालांवर बेतायचं, त्यांत ही सरमिसळ चालते कशी?

उलाढाल आणि मूल्य यांतलं अंतर बघायचं तर यूपीआयचं उदाहरण घ्या. २०२४-२५ या वर्षात यूपीआयवरून सुमारे १८,५८७ कोटी व्यवहार झाले, रक्कम सुमारे २६१ लाख कोटी रुपये. त्याच वर्षीचं देशाचं जीडीपी, तेव्हाच्या अंदाजानुसार, ३३० लाख कोटींच्या आसपास. दोन आकडे शेजारी ठेवले तर यूपीआय म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या जवळजवळ ऐंशी टक्के, असं कुणीही म्हणू शकेल. पण असं कुणी म्हणत नाही, कारण मी मुलीला कॉलेजच्या फीसाठी पैसे पाठवले तर देशात नवीन काही तयार झालं नाही, हे सगळ्यांना दिसतं. यूपीआय मला मनापासून आवडतं. रंकाळ्यावर भेळ खाऊन सुट्ट्यांसाठी वाद घालावा लागत नाही, हा सुखाचा भाग आहे. त्याचं कौतुक त्याच्या खऱ्या गुणांवर व्हावं, उलाढालीच्या फुगवट्यावर नको.

दुसरा दोष पहिल्यापेक्षा खोल आहे. ‘इंटरनेट नसतं तर?’ हा प्रश्नच हे अहवाल नीट विचारत नाहीत.

कोल्हापूरला मिरजेहून रेल्वे आली १८९१ साली. त्याआधी माल बैलगाड्यांवरून घाट उतरत होता. रेल्वेनं हे शहर बदललं यात शंका नाही, शाहूपुरीची गुळाची पेठ त्यानंतरच वाढली. पण ‘रेल्वेचं योगदान किती’ असं विचारल्यावर रेल्वेनं वाहिलेल्या सगळ्या गुळाची किंमत सांगितली तर ते चूक ठरेल. ऊस रेल्वेनं पिकवला नव्हता. रेल्वे नसती तर तो गूळ सडून गेला असता का, की गाड्यांवरून महाग पडून, उशिरा, पण गेलाच असता? त्या दोन खर्चांतलं अंतर ही रेल्वेची खरी भर. अमेरिकेतल्या रॉबर्ट फोगेल या अर्थशास्त्रज्ञानं १९६४ साली तिथल्या रेल्वेबद्दल नेमका असाच हिशेब मांडला. सगळे धरून चालले होते की रेल्वेशिवाय अमेरिका उभीच राहिली नसती. कालवे, नद्या, गाडीरस्ते यांनी तोच माल नेला असता तर किती जास्त खर्च आला असता, हे त्यांनी मोजलं. १८९० साली रेल्वेमुळं झालेली बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांहून कमी भरली. त्यावर पुष्कळ वाद झाले आणि व्हायलाही हवे होते. १९९३ साली त्यांना नोबेल मिळालं. मला त्यांचा आकडा पवित्र वाटत नाही, त्यांचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. रेल्वेसारख्या रेल्वेची भर पाच टक्क्यांच्या आत येते, आणि एखाद्या कंपनीच्या एका अ‍ॅपनं अब्जावधी डॉलरची भर घातल्याचं सांगितलं जातं, तेव्हा तो प्रश्न विचारायलाच हवा.

आणि असं सांगितलं गेलंय. जानेवारी २०१५ मध्ये डेलॉइट या सल्लागार कंपनीनं फेसबुकसाठी केलेल्या अहवालात म्हटलं होतं की फेसबुकनं २०१४ या एका वर्षात जगभरात २२७ अब्ज डॉलरची आर्थिक उलाढाल घडवली आणि ४५ लाख रोजगारांना आधार दिला. त्यात लोकांनी विकत घेतलेल्या फोनांचा आणि इंटरनेट जोडण्यांचाही वाटा धरला होता, जणू माणसं फेसबुकसाठीच फोन घेतात. स्टॅनफर्डच्या रॉजर नोल या अर्थशास्त्रज्ञांनी तेव्हाच सांगितलं की हे निष्कर्ष निरर्थक आहेत. इंटरनेट पसरलं म्हणून फेसबुक वाढलं, कारण आणि परिणाम इथं उलटे लावलेत, असं त्यांचं म्हणणं. आमच्या गल्लीतली साधी गोष्ट आहे : जत्रेला गर्दी झाली म्हणून पाळणेवाला येतो. जत्रेतली सगळी विक्री पाळण्यामुळं झाली असं पाळणेवाल्यानं सांगितलं तर खेळणीवालाही ऐकून घेणार नाही.

रोजगाराच्या आकड्यांत आणखी एक फट असते. २०११ साली पॅरिसमध्ये जी-८ देशांच्या बैठकीला जोडून इंटरनेटवर मोठी परिषद भरली होती. त्या सुमारास मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या संशोधन संस्थेचा अहवाल आला. इंटरनेटमुळं एक नोकरी गेली तर २.६ नव्या तयार होतात, हा त्यातला आकडा आजही भाषणांत ऐकू येतो. तो आला ४,८०० हून अधिक लहान-मध्यम उद्योगांना प्रश्न विचारून. पाहणीला उत्तर कोण देतं? जो उद्योग चालू आहे तो. ज्याचं शटर कायमचं खाली आलं, त्याला प्रश्नावली पोचत नाही. राजारामपुरीत आणि महाद्वार रोडला मी ज्यांची जीएसटी नोंदणी रद्द करण्याचे अर्ज भरले, ते दुकानदार अशा कुठल्याही पाहणीत सापडणार नाहीत. ती सगळी इंटरनेटमुळंच बंद पडली असं मी म्हणत नाही. काही मुलं पुण्याला गेली म्हणून बंद झाली, काही भाड्यापायी, काही कर्जापायी. पण मोजणीत ती असायला हवीत. ज्यांची नोकरी गेली त्यांना न विचारता किती नोकऱ्या गेल्या हे कसं कळणार?

आपल्या देशानं याची चुणूक एकदा पाहिली आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत फेसबुकनंच डेलॉइटकडून आणखी एक अहवाल करून घेतला होता. विकसनशील देशांत इंटरनेट श्रीमंत देशांइतकं पोचलं तर १४ कोटी रोजगार तयार होतील, १६ कोटी लोक अतिगरिबीतून वर येतील, असं त्यात होतं. वर्षभरातच निवडक साइट तेवढ्या फुकट देणारी फेसबुकची योजना भारतात आली, तिचं नाव पुढं फ्री बेसिक्स झालं. पानभर जाहिराती, गरिबांना इंटरनेटपासून दूर ठेवू नका असं आवाहन, एका बटणावर ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, जाणारी तयार पत्रं. ट्रायनं डिसेंबर २०१५ मध्ये चार प्रश्न विचारले होते. आलेल्या त्या तयार पत्रांत चार प्रश्नांची उत्तरंच नाहीत, हे ट्रायनं उघड सांगितलं. मग ८ फेब्रुवारी २०१६ ला साइटनुसार वेगवेगळे दर लावायला बंदी घालणारा नियम आला. त्यानंतर देशात इंटरनेट थांबलं नाही, उलट झपाट्यानं पसरलं. १४ कोटी रोजगारांच्या आकड्याला ट्राय दबलं असतं तर आज आमच्या चपलावाल्यांना आपली साइट गिऱ्हाइकाला दिसावी म्हणून कुणाकुणाच्या परवानग्या काढाव्या लागल्या असत्या, कोण जाणे.

भाकितांचंही तसंच. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं मॅकिन्झीच्या साथीनं जाहीर केलं होतं की डिजिटल अर्थव्यवस्था २०० अब्ज डॉलरवरून २०२५ पर्यंत १ लाख कोटी डॉलरची भर घालू शकेल. २०२३ च्या अहवालात तोच गोल आकडा २०३० वर गेला. दोन्हींत व्याख्या वेगळ्या आहेत, ही गोष्ट मला मान्य आहे. पण नेमकी तिथंच मेख आहे. ‘डिजिटल’, ‘इंटरनेट’, ‘ऑनलाइन’ हे शब्द सोयीनं रुंद-अरुंद होतात, त्यामुळं जुनं भाकीत खरं ठरलं की खोटं, हे तपासताच येत नाही. भाकीत तपासता येत नसेल तर त्यावर कायदा कसा करायचा?

तुलनेला दुसरी मोजणी घ्या. त्याच मंत्रालयाच्या सांगण्यावरून इक्रिएर या संस्थेनं केलेला अंदाज जानेवारी २०२५ मध्ये आला. २०२२-२३ मध्ये डिजिटल अर्थव्यवस्था जीडीपीच्या ११.७४ टक्के, सुमारे ३१.६४ लाख कोटी रुपये, रोजगार १ कोटी ४६ लाखांवर. हाही आकडा मोठाच आहे. पण इथं व्याख्या छापलेली आहे आणि भाग सुटे करून दाखवलेत. त्यामुळं कळतं की मोठा हिस्सा सॉफ्टवेअर, दूरसंचार, इलेक्ट्रॉनिक्स अशा जुन्या-जाणत्या उद्योगांचा आहे आणि ज्यांना आपण प्लॅटफॉर्म म्हणतो त्यांचा वाटा देशाच्या उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. बंधनं नकोत म्हणून निवेदन देतात ते प्लॅटफॉर्मवाले, आणि आधाराला आकडा घेतात सगळ्या उद्योगाचा. हे लक्षात आलं तेव्हा मला त्या निवेदनावर सही न केल्याचं समाधान वाटलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा फुगवटा आपल्या बाजूचा असला तरी मला नको आहे. जून २०२३ मध्ये शहरात तणाव झाला आणि इंटरनेट बंद ठेवलं गेलं. व्यापाऱ्यांचे फार हाल झाले. मालवाहतुकीला लागणारं ई-वे बिल निघेना म्हणून गाड्या अडकल्या, क्यूआर कोड लावलेले भाजीवाले रोकड नसलेल्या गिऱ्हाइकांकडं बघत बसले. तेव्हा काही मित्रांनी मला सांगितलं, नुकसानीचा एक दणदणीत आकडा काढून दे, वर्तमानपत्रात देऊ. जिल्ह्याच्या एका दिवसाच्या उत्पन्नाला इंटरनेटच्या टक्क्यानं गुणायचं, झाला आकडा. जगभरचे शटडाऊनच्या नुकसानीचे कित्येक अंदाज थोड्याफार फरकानं असेच निघतात. मी नकार दिला. त्या दिवशी न झालेली बरीच विक्री दोन दिवसांनी झाली. जी झाली नाही ती दूध, भाजी, फुलं, आणि हातावर पोट असणाऱ्यांची मजुरी. ते नुकसान खरं होतं, पण तो आकडा माझ्याकडं नव्हता. इंटरनेट बंद करू नये असं माझं ठाम मत आहे आणि त्याला नागरिकांचा हक्क एवढं कारण पुरेसं आहे.

आता आपल्याकडून काय हवंय ते सांगतो.

डिसेंबर २०२२ मध्ये संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीनं मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या स्पर्धाविरोधी वागणुकीवर अहवाल दिला. मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा कायद्याचा मसुदा लोकांपुढं आला. सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. डिलिव्हरी आणि टॅक्सीच्या अ‍ॅपवाल्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम, कामगारांना दिलेल्या पैशाच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत, त्यांच्या सुरक्षेसाठी द्यायची, अशी त्यात तरतूद आहे. दसरा चौकात सिग्नलला थांबलेली लाल-नारिंगी टी-शर्टातली पोरं आपण रोज बघता, हा पैसा त्यांचा आहे. इथं ‘उलाढाल’ म्हणजे नेमकं काय, यावर लाखो रुपयांचा फरक पडेल. अहवालात योगदान सांगताना जो आकडा धरला तोच वर्गणी भरताना धरला जावा, ही माझी पहिली मागणी. दोन ठिकाणी दोन वह्या चालवायला आम्हा छोट्यांना परवानगी नाही, मोठ्यांनाही नसावी. परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवर २०१६ साली ६ टक्के इक्वलायझेशन लेव्ही लावावी लागली, कारण इथं होणाऱ्या त्यांच्या कमाईवर इथं आयकर बसवता येत नव्हता. १ एप्रिल २०२५ पासून तीही गेली. तेव्हा योगदानाची चर्चा निघाली की यातला किती पैसा इथं राहतो हेही विचारा.

सभागृहात किंवा समितीत असा अहवाल कुणी पुढं केला तर थांबवून विचारा : पैसे कुणी दिले? यात विक्री मोजली की भर? इंटरनेट नसतं तर यातलं किती झालंच असतं? ज्यांचं बुडालं त्यांना कुठं धरलंय? मूळ माहिती दुसऱ्या कुणाला तपासायला मिळेल का? यातल्या एकाचंही उत्तर नसेल तर तो कागद जाहिरात म्हणून बाजूला ठेवा.

आणि आपली स्वतःची मोजणी उभी करा. सरकारी पाहण्यांना नावं ठेवायची फॅशन आहे, मला ती पटत नाही. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाची असंघटित उद्योगांची वार्षिक पाहणी बघा. २०२३-२४ मध्ये देशात अशी ७ कोटी ३४ लाख आस्थापनं होती आणि त्यांतली २६.७ टक्के इंटरनेट वापरत होती, आदल्या वर्षी २१.१ टक्के. दिसायला साधा आकडा आहे, टाळ्या पडणार नाहीत. पण प्रश्नावली उघड, नमुना कसा निवडला ते उघड, मूळ माहिती कुठल्याही अभ्यासकाला मिळते. आपल्या जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय छापतं. त्यात हेक्टर आहेत, गाळप आहे, दवाखाने आहेत. ऑनलाइन विकणाऱ्या कारागिराच्या हाती शेवटी काय पडतं, याचा रकाना नाही. हा रकाना असावा म्हणून आपण आग्रह धरावा. शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्र विभाग आहे, संख्याशास्त्र विभाग आहे, दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधणारी मुलं आहेत. जिल्हा नियोजनातून थोडा निधी मिळाला तर सुभाषनगरातल्या चपला, हुपरीची चांदी, इचलकरंजीचं कापड, गडहिंग्लजच्या बाजूची काजू आणि आमचा गूळ, एवढ्या पाच धंद्यांत दोन वर्षं वह्या तपासता येतील. ऑनलाइन विकणारे, न विकणारे आणि धंदा बंद केलेले, तिघेही त्यात घ्यायचे. निष्कर्ष इंटरनेटच्या बाजूनं निघाला तर मला आनंदच होईल आणि तो मी स्वतः लोकांना सांगत फिरेन.

वह्या मिळवून देण्याचं काम मी करीन. तीस वर्षांत लोकांनी विश्वासानं त्या माझ्याकडं ठेवल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊन, नावं झाकून, त्या मुलांपुढं ठेवायला मी तयार आहे, फी न घेता. माझ्यासारखे आणखी चार-पाच जण शहरात आहेत, त्यांच्याशी बोलणं झालंय. आपल्यापैकी कुणीही एक पत्र विद्यापीठाला आणि एक जिल्हाधिकारी कार्यालयाला दिलं तर येत्या जूनमध्ये काम सुरू होऊ शकतं.

चपलावाले गृहस्थ परवा आले होते, तिमाहीचं रिटर्न भरायला. त्यांनी पुन्हा विचारलं, ‘त्या दिवशीचं कळलं का ओ काही?’ मी त्यांना म्हटलं, पत्र लिहितोय.

आपला,
एक करसल्लागार
शाहूपुरी, कोल्हापूर